चूल एक की चार: वयात येणाऱ्या पोरांबद्दलचे गैरसमज

कुडवा म्हणायला गाव. पण गोंदियाला असं चिकटलेलं की शहर कुठं संपलं ते कळत नाही. इकडे धानाच्या बांध्या, तिकडे कॉलेजं, शिकवणीवर्ग आणि भाड्याच्या खोल्या. घरंही सगळ्या तऱ्हेची. कुठं आजी, मोठे बाबा, काका एकाच आंगणात. कुठं नवरा-बायको आणि दोन लेकरं. कुठं बाप नागपूरला नाहीतर हैदराबादला कामावर, आणि घर आई-आजीच्या भरवशावर. पोरगं दहावीत अडकलं किंवा घरात कुणाशी धड बोलेनासं झालं, की लोक आधी घराचा प्रकार बघतात आणि निकाल देऊन मोकळे होतात.

गैरसमज: एकत्र घरात पोरं आपोआप वळणावर राहतात, वेगळं निघालं की बिघडतात.

पूर्वी सगळेच एकत्र राहायचे, इथूनच गडबड सुरू होते. समाजशास्त्रज्ञ ए. एम. शहा यांनी गुजरातमधल्या एका गावाच्या १८२५ सालच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लहान घरं त्या काळीही भरपूर निघाली. आयुर्मानच कमी; तीन पिढ्या एका छताखाली नांदायला आधी आजा जगायला हवा ना! आय. पी. देसाईंनी महुवा या छोट्या शहराच्या अभ्यासात (१९६४) आणखी एक गोष्ट दाखवली: छत वेगळं झालं म्हणून कुटुंब तुटत नाही. आपल्याकडे हे सांगायला समाजशास्त्रज्ञ कशाला लागतो? चूल वेगळी होते. रोवणी, सण आणि लग्नाचा खर्च सामाईकच राहतो.

एकत्र घराचा फायदा खरा आहे. बापाशी बिनसलं तर पोराला आजीजवळ जाऊन बसता येतं. पण बाप म्हणतो गाडीला हात लावायचा नाही, आणि संध्याकाळी मोठे बाबाच किल्ली हातात देतात, असंही त्याच घरात घडतं. चौदा वर्षांचं पोर यातून एकच शिकतं: कुणाला विचारायचं आणि कुणाला नाही. मोठ्यांचं एकमेकांत ठरलेलं असलं, तर दोन माणसांचं घरही पुरतं.

गैरसमज: चार दणके दिल्याशिवाय पोर सुधरत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात आईबापांच्या वागण्याचे तीन प्रकार मांडले: नुसता हुकूम चालवणारे, नियम ठेवून त्यामागचं कारणही सांगणारे, आणि सगळंच मोकळं सोडणारे. १९८३ मध्ये मॅकॉबी आणि मार्टिन यांनी चौथा जोडला, लक्षच न देणारे. आपल्याकडचे वाद पहिल्या आणि तिसऱ्यातच रंगतात, जणू न मारणं म्हणजे लाडावून ठेवणं. दुसरा प्रकार मुळीच मऊ नाही. तिथं रात्री नऊची वेळ म्हणजे नऊच, फक्त का ते पोराला ठाऊक असतं.

माराबद्दल म्हणाल, तर एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये जवळपास १ लाख ६१ हजार मुलांवरचे अभ्यास एकत्र मांडले. चापट मारण्याचा संबंध आक्रमक वागण्याशी, मानसिक त्रासाशी, आईबापांशी दुराव्याशी निघाला. शिस्त सुधारल्याचा पुरावा काही सापडला नाही. शाळेत तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला बंदीच घातली. घरातल्या हाताला मात्र अजून ‘संस्कार’ म्हणतात.

गैरसमज: घरात पैसा नाही, बाप घरी नाही, मग पोरगं वाया जाणारच.

इथं जरा थांबू, कारण आपल्या जिल्ह्याला सगळ्यात जवळचा दाखला दूरच्या अमेरिकेतल्या आयोवा राज्याचा आहे. १९८०च्या दशकात तिथल्या शेतीचं कंबरडं मोडलं. जमिनीच्या किमती पडल्या, कर्जं थकली, शेतं विकली गेली. रँड काँगर, ग्लेन एल्डर आणि सहकाऱ्यांनी १९८९ पासून तिथल्या ४५१ ग्रामीण कुटुंबांचा मागोवा घेतला. प्रत्येक घरात सातवीतलं एक मूल होतं. टंचाई मुलापर्यंत थेट पोचत नाही, असं दिसलं. आधी ती आईबापांचं मन खचवते, मग नवरा-बायकोत खटके उडतात, मग मुलांवर खेकसणं वाढतं, आणि मूल बिघडतं ते या शेवटच्या पायरीवर.

तुडतुड्यांनी धान गेलं, सरकारी बोनस अडकला, सोसायटीचं कर्ज डोक्यावर. अशा घरात बाप कोणत्या गोष्टीवरून ओरडतो ते आठवून बघा. बहुतेकदा ते चपलेवरून, नाहीतर पंखा चालू राहिल्यावरून असतं. मूल समजतं चूक आपली. ‘यंदा पीक बुडालं, म्हणून मी चिडतोय’ हे एक वाक्य पुष्कळ वाचवतं, पण आपल्याकडच्या बापाला तेच सगळ्यात जड जातं.

एल्डर आणि काँगर यांच्या २००० सालच्या पुस्तकात पुढची गोष्ट आहे. त्या पडझडीतूनही बरीच मुलं नीट उभी राहिली. ज्या घरांची आजी-आजोबांशी, गावाशी नाळ टिकली होती आणि जिथं पोरांना खरीखुरी कामं सोपवली जात होती, त्यांचं विशेष बरं झालं. शाळा बुडवून रोवणीला नेणं वेगळं. पण सुटीच्या दिवशी बांधीवर बापाच्या बरोबरीनं उभं राहिलेल्या पोराला घरात आपली गरज आहे हे कुणी सांगावं लागत नाही. आणि हैदराबादहून रोज रात्री फोन करणारा बाप गैरहजर म्हणायचा का? घरात असून न बोलणारे काय कमी आहेत!

गैरसमज: मोबाइल तपासत राहिलं की पोरगं हातात राहतं.

स्वीडनमध्ये स्टॅटिन आणि केर या संशोधकांनी चौदा वर्षांच्या मुलांबद्दल पाळतीचाच प्रश्न विचारला. २००० साली छापून आलेलं उत्तर असं, की आईबापांना मुलांबद्दल जे ठाऊक असतं ते मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितलेलं असतं. पाळतीतून त्यातलं थोडंच कळतं. पाळत आपल्याकडे मुलीवरच जास्त. पोरगा रात्री अकराला नाक्यावर उभा, ते कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

गैरसमज: हे वय म्हणजे वादळच, करायचं काही नसतं.

ही कल्पना अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांच्या १९०४ च्या ग्रंथाची. पुढच्या पाहण्यांत बहुतेक मुलांचं आईबापांशी बरंच जमतं असं आढळलं. भांडणं होतात ती आवराआवर, कपडे, वेळ यांवरून. म्हणूनच पोर कित्येक आठवडे गप्प असेल, जेवण-झोप सुटली असेल, तर ते ‘वयाचं’ म्हणून सोडून देऊ नये. दहा ते एकोणीस वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे, आणि महाराष्ट्रात सरकारी दवाखान्यांतली त्याची ‘मैत्री’ केंद्रं फुकट आहेत. दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटेल याचीच धास्ती असेल, तर फोनवरून मनाच्या त्रासाबद्दल बोलता येणाऱ्या सरकारी टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं.