फोटोचे अवजार बदलावे केव्हा?

नवी आवृत्ती आली म्हणून घ्यायची, की काम अडले म्हणून? बुलढाणा जिल्ह्यातील फोटोच्या दुकानांपासून आपल्या घरातील कपाटापर्यंत येऊन पोचलेला एक प्रश्न.

दिवाळी तोंडावर आली की घरोघर जुने काढून नवे आणण्याचा उत्साह संचारतो. पडदे बदलतात, भिंतींना रंग लागतो, स्वयंपाकघरात एखादे नवे यंत्र येऊन बसते. अशा नव्या वस्तूचे एक बरे असते, ती दिसते. शेजारच्या वहिनी येऊन तिला हात लावून पाहू शकतात. परंतु हल्ली एक वस्तू अशी निघाली आहे की तिची नवी आवृत्ती आणली तरी कुणाला दिसत नाही, आणि नाही आणली तर एखाद्या दिवशी काम मात्र अडून बसते. संगणकावर फोटो दुरुस्त करण्याचे सॉफ्टवेअर ही ती वस्तू होय.

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या जाहिरात कचेऱ्यांचा आहे असे ज्यास वाटत असेल त्याने बुलढाणा जिल्ह्यात एक फेरी मारावी. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनास येणारी मंडळी, सिंदखेडराजाला १२ जानेवारीस जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी लोटणारी गर्दी, लोणारचे सरोवर पाहावयास येणारे प्रवासी; कॅमेऱ्याला येथे विषयांचा तोटा नाही. पण खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशा गावांतील स्टुडिओचे पोट भरते ते लग्नांवर. लग्नाचा अल्बम वेळेवर आणि नीट झाला पाहिजे. तो ज्या अवजाराने होतो ते बदलावे की नाही, हा त्या दुकानदाराच्या दृष्टीने वर्षाच्या मिळकतीचा प्रश्न असतो.

पेन्सिलीपासून फोटोशॉपपर्यंत

फोटोवर हात फिरविण्याची कला संगणकाने आणली असे समजण्याचे कारण नाही. निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने चेहऱ्यावरचे वण पुसणारे, काळ्यापांढऱ्या चित्रात नवरीच्या शालूला हाताने रंग भरणारे कारागीर आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहेत. त्यांच्या कुंचल्याची नवी आवृत्ती दरवर्षी निघत नसे. केस झडले की नवा कुंचला घ्यायचा, इतका साधा तो हिशेब होता.

थॉमस आणि जॉन नोल या अमेरिकन बंधूंनी रचलेले फोटोशॉप अ‍ॅडोबी कंपनीने १९९० च्या फेब्रुवारीत बाजारात आणले. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत एकावर एक पारदर्शक थर रचण्याची सोय आली. २००२ साली सातवी आवृत्ती आली. चेहऱ्यावरचा डाग शेजारच्या त्वचेशी बेमालूम मिळवून टाकणारा कुंचला तिच्यात होता, आणि ती साध्या संगणकावरही चाले. आपल्याकडील लहान गावांतले कितीतरी हात या सातव्या आवृत्तीवरच तयार झाले. तिच्या कळा त्यांना डोळे मिटूनही सापडत. तेव्हा ‘आता नवीन घ्या’ असे कुणी म्हणताच ‘हिला काय धाड भरली आहे?’ असा उलट प्रश्न येतो, तो काही नुसता हट्ट नव्हे.

घोडे खरोखर कुठे अडते?

मग जुने सोडावे केव्हा? माझ्या मते काम खरोखर अडते अशा तीन जागा आहेत.

पहिली जागा कॅमेऱ्याची. चांगला कॅमेरा फोटोची ‘रॉ’ फाइल देतो. तिला कच्चा शिधा म्हणावे. आपण मोबाइलवर पाहतो ती जेपेग फाइल म्हणजे शिजलेला भात. मीठ जास्त पडले तर ते काढता येत नाही. हा कच्चा शिधा प्रत्येक कंपनी आपल्या निराळ्या डब्यात भरते, आणि डबा उघडण्याची युक्ती सॉफ्टवेअरला ठाऊक असावी लागते. कॅननने २०१८ साली सीआर ३ नावाचा नवा डबा काढला. २०१२ च्या फोटोशॉप सीएस ६ ला तो उघडता येत नाही. नवा कॅमेरा घेऊन आलेला फोटोग्राफर येथे पेचात सापडतो. त्यावर एक तोड आहे. अ‍ॅडोबीचेच एक फुकट मिळणारे साधन अशा फाइलीचे डीएनजी या सर्वसामान्य प्रकारात रूपांतर करून देते आणि मग जुन्या आवृत्तीतही काम चालते. महिन्याला दोन कार्यक्रम असतील तर ही तोड पुरे. रोज दोन हजार फोटो आटपायचे असतील तर प्रत्येक वेळचा तो वळसा महाग पडतो.

दुसरी जागा अल्बमची. हल्लीच्या करिझ्मा अल्बमचे पान उघडले की बारा इंच बाय छत्तीस इंच भरते. एका इंचात तीनशे ठिपके धरले तर त्या पानात ३ कोटी ८८ लाख ८० हजार ठिपके येतात, आणि एका थराला साधारण ११ कोटी ६६ लाख बाइट जागा लागते. वर नवरानवरीचे आठ फोटो, फुलांची वेल आणि सोनेरी नक्षी रचली की जुन्या आवृत्तीचा श्वास कोंडतो. ती ३२ बिटांची असल्यामुळे संगणकात मेमरी कितीही घातली तरी ठराविक मर्यादेपलीकडची तिला वापरताच येत नाही. विंडोजवर ही अडचण २००८ च्या सीएस ४ पासून ६४ बिटांच्या आवृत्तीने दूर केली. पान साठवायला दिल्यावर चहा पिऊन परत येईपर्यंत पट्टी तशीच सरकत असेल, तर बदलाची वेळ आली असे समजावे.

तिसरी जागा खास आपल्या मराठीची आहे. प्रत्येक अल्बमच्या पहिल्या पानावर ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ ही अक्षरे येणारच. जुन्या फोटोशॉपला युनिकोडातील मराठी जुळविता येत नसे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडे न येता पलीकडे जाऊन बसे आणि जोडाक्षरे सुटी होत. म्हणून कारागिरांनी श्रीलिपीसारख्या फॉण्टांचा आधार घेतला. त्यांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसविलेली असल्याने बिचाऱ्या फोटोशॉपला आपण इंग्रजीच लिहीत आहोत असे वाटे! अलीकडच्या आवृत्त्यांना युनिकोड मराठी लिहिता येते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर पुन्हा टंकण्याचे श्रम वाचतात. मात्र नव्या संगणकात तो जुना फॉण्ट नसेल तर मागच्या अल्बमांतील वधूवरांची नावे इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन बसतात. म्हणून घर बदलताना देव्हारा आधी हलवावा, तसे संगणक बदलताना फॉण्ट आधी हलवावेत.

या तीनपैकी एकही अडचण नसेल, तर नव्या आवृत्तीची जाहिरात कितीही सुंदर असो, नव्याचे नऊ दिवस समजून स्वस्थ बसावे. फोटोत उजेड कसा घ्यावा हे ज्याला उमगले नाही त्याचे काम नव्या आवृत्तीने सुधारत नाही. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण संगणकालाही लागू आहे.

विकत, भाड्याने की फुकट?

पूर्वी हे साधन एकरकमी पैसे देऊन घेता येई, आणि एकदा घेतले की वापरा दहा वर्षे! २०१३ साली अ‍ॅडोबीने धोरण बदलले. सीएस ६ ही फोटोशॉपची तशी मिळालेली शेवटची आवृत्ती ठरली. पुढच्या साऱ्या आवृत्त्या वर्गणीवर. त्यात सोय आहे, कारण नवी आवृत्ती आपोआप येते. पण हे भाड्याचे घर आहे. भाडे थांबले की थरांसह जपलेल्या आपल्याच कामात हात घालायची पंचाईत होते.

तेव्हा वर्गणी भरण्यापूर्वी कागदावर चार आकडे मांडावेत. समजा, नव्या साधनाने एका लग्नामागे दोन तास वाचतात आणि वर्षात तीस लग्ने मिळतात. म्हणजे साठ तास वाचले. त्यातून नवे शिकण्यात जाणारे वीस तास वजा करा. उरलेल्या चाळीस तासांत जेवढी जादा मिळकत होईल ती वर्षाच्या वर्गणीपेक्षा जास्त असेल तर खुशाल घ्यावे. नसेल तर अंथरूण पाहून पाय पसरावेत. त्याच कागदावर संगणकाचा खर्चही लिहावा. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा आधार २०२० च्या जानेवारीत आणि विंडोज १० चा २०२५ च्या ऑक्टोबरात संपविला. सॉफ्टवेअर बदलायला जावे तर विंडोज बदलावे लागते, विंडोज बदलावे तर यंत्र पुरत नाही. पाटल्या मोडून बांगड्या करायला जावे आणि सोने कमी पडावे, तसा हा प्रकार होतो.

चोरीच्या प्रतीचा मोह पुष्कळांना होतो. ते कायद्याने वाईट आहेच. शिवाय अशा प्रतीबरोबर आलेला एखादा विषाणू गिऱ्हाइकाच्या लग्नाचे सगळे फोटो कुलूपबंद करून ठेवील, ही भीती नीतीच्या उपदेशापेक्षा अधिक परिणामकारक ठरावी. त्यापेक्षा १९९६ पासून सर्वांना खुले असलेले गिम्प हे फुकट साधन पाहावे. त्याची २.१० ही आवृत्ती २०१८ साली आली आणि ३.० यायला २०२५ चा मार्च उजाडला. घाई नाही, वर्गणी नाही! घरगुती कामाला ते पुष्कळ आहे. हातांना सवय होईपर्यंत थोडी चिडचिड होते, एवढेच.

मुहूर्त

आता मुहूर्ताविषयी. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळला अक्षय्य तृतीयेस घट मांडून पीकपाण्याचे भाकीत वर्तवितात; पण कोणती आवृत्ती कोणाच्या यंत्रात रुसून बसेल याचे भाकीत कोणीही वर्तवू शकत नाही. म्हणून ऐन लग्नसराईत अवजार बदलू नये. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत लग्ने नसतात. चातुर्मास हाच स्टुडिओचा शिकण्याचा काळ. त्या दिवसांत नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी बसवावी, मागच्या वर्षीचा एखादा अल्बम तिच्यात पुन्हा करून पाहावा, छापून आलेले रंग ताडून पाहावेत आणि मगच जुनी काढावी. हे वाचीत असताना दिवाळी आली आहे. तुळशीचे लग्न झाले की सनया सुरू होतील. ज्यांनी अजून बदल केला नसेल त्यांनी आता पुढच्या आषाढाची वाट पाहावी, हेच शहाणपणाचे.

जे बदलू नये ते

येथवर पैशाचा आणि वेळेचा विचार झाला. परंतु नव्या आवृत्तीबरोबर आणखी एक गोष्ट पणाला लागते, ती म्हणजे फोटोचा खरेपणा.

२०२० च्या जूनमध्ये लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. ती छायाचित्रे पाहिल्यावर, कुणीतरी संगणकावर रंग फिरविला असावा, ही शंका कुणाच्याही मनात सहज यावी. पण रंग खरा होता. अमेरिकेच्या नासाने लँडसॅट ८ या उपग्रहाने २५ मे आणि १० जून रोजी टिपलेली दोन चित्रे प्रसिद्ध केली. त्यांत हिरवट आणि गुलाबी पाण्यातील फरक स्पष्ट दिसतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव त्याचे कारण असल्याचे आढळले. त्या वेळी काठावर उभे राहून ज्यांनी रॉ फोटो काढले, त्यांच्यापाशी आज एक दस्तऐवज आहे. रॉ फाइलीचे रंग सॉफ्टवेअर ज्या पद्धतीने उलगडते ती पद्धत आवृत्तीगणिक सुधारत गेली आहे. जुना फोटो नव्या पद्धतीत नेला की छटा थोडी बदलू शकते. म्हणून जुन्या कामाला नवी पद्धत लावण्याचे बटण उगाच दाबू नये, आणि मूळ फाइल कदापि पुसू नये.

याहून नाजूक प्रसंग घरातला आहे. वडील गेले की मुलगा एखादा जुना, चुरगळलेला, पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो घेऊन स्टुडिओत येतो. तो मोठा करून त्याला हार घालावयाचा असतो. जुन्या कुंचल्याने काम करणारा कारागीर चेहऱ्यावरची चीर शेजारच्याच त्वचेने भरी. अलीकडच्या आवृत्त्या स्वतःच्या कल्पनेने चेहरा पुरा करतात; २०२३ पासून तर फोटोत नसलेली वस्तूही सांगितल्याबरोबर निर्माण होते. फोटो लखलखीत होतो खरा, पण डोळ्यांची ठेवण किंचित निराळी, गालावरचा तीळ नाहीसा, आणि ओठांवर कुणा तिऱ्हाइताचे हसू! मुलाला ते कदाचित कळणारही नाही. त्याच्या आईला मात्र ताबडतोब कळेल. असा फोटो छापण्यापूर्वी घरातील सर्वांत वडील माणसाला दाखवावा. ‘हे तेच’ असे त्यांनी म्हटले तर नवी आवृत्ती कामास आली. नाहीतर जुनी चीर राहिलेली बरी.

शहरांतील कुटुंबांनाही यातून घेण्यासारखे आहे. कित्येकांनी पिकासा या गुगलच्या फुकट साधनात आपले फोटो लावले होते. प्रत्येक चेहऱ्यावर आत्या, मामी, पणजोबा अशी नावे घातली होती. २०१६ साली गुगलने ते साधन बंद केले. फोटो राहिले, पण पुष्कळांची नावे पिकासाच्या स्वतःच्या वहीतच राहून गेली. पणजोबांना ओळखणारी माणसे आता किती उरली आहेत?

तेव्हा या सुट्टीत सगळी मंडळी जमतील तेव्हा एक दुपार काढावी. मूळ फोटोंच्या दोन प्रती करून दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात. दुरुस्त केलेला फोटो वेगळ्या नावाने जपावा. आणि फोटोत कोण, कुठे, कोणत्या साली, हे आजीला विचारून साध्या वहीत लिहून काढावे. त्या वहीला कोणतीच आवृत्ती लागत नाही. सॉफ्टवेअर मग सावकाश, पुढच्या पावसाळ्यात बदलले तरी चालेल.