रेनराकुचो : शाळा आणि घर जोडणारी जपानी वही

जपानमधल्या प्राथमिक शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दप्तरात पाठ्यपुस्तकांइतकीच महत्त्वाची एक छोटी वही असते. तिचं नाव रेनराकुचो, म्हणजे संपर्कवही. उद्या कोणत्या तासिका आहेत, गृहपाठ काय दिला आहे, कोणत्या वस्तू आणायच्या आहेत आणि शाळेने आज घरी किती पत्रकं पाठवली आहेत, मुख्यतः एवढाच मजकूर तिच्यात असतो. पण जपानमधल्या कित्येक पिढ्यांच्या पालकांना शाळेची रोजची खबर याच वहीने पोचवली आहे. कोणत्याही देशातल्या शिक्षकाने आणि पालकाने बारकाईने पाहावी, अशी ही व्यवस्था आहे.

वर्तुळातली अक्षरं

वही लिहायचं काम मुलाचं. शाळा सुटण्यापूर्वी वर्गाची छोटी सभा होते. त्या वेळी, काही वर्गांत सकाळीच, शिक्षक फळ्यावर मजकूर लिहितात आणि मुलं तो उतरवून घेतात. जागा आणि वेळ वाचावा म्हणून वर्तुळात एकेक अक्षर लिहायची पद्धत रूढ आहे. ‘शि’ म्हणजे शुकुदाई, गृहपाठ. ‘मो’ म्हणजे मोचिमोनो, आणायच्या वस्तू. ‘ते’ म्हणजे तेगामी, घरी द्यायची पत्रकं. ‘ते’च्या पुढे आकडा असतो. तिथे ३ लिहिलं असेल आणि पालकांच्या हाती दोनच पत्रकं आली, तर तिसरं दप्तराच्या तळाशी चुरगळून पडलं आहे हे लगेच कळतं.

जपानचं शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. पहिलीतली मुलं सुरुवातीचे महिने हिरागाना लिपी गिरवत असतात, त्यामुळे तोवर शिक्षक छापील चिठ्ठी देतात. अक्षरांवर हात बसला की वही मुलाच्या ताब्यात येते. फळ्यावरून नेमकं उतरवून घेणं, ते घरी दाखवणं आणि सांगितलेली वस्तू आठवणीने दप्तरात भरणं हाही शिक्षणाचाच भाग मानला जातो. वहीतला निरोप मुलाला वगळून परस्पर मोठ्यांकडे जात नाही. तो मुलाच्या हातून जातो, आणि या व्यवस्थेचं खरं बळ त्यातच आहे.

वहीतला संवाद दोन्ही बाजूंनी चालतो. पालक वही पाहून सही करतात किंवा आपल्या नावाचा शिक्का मारतात. मुलाला सर्दी झाली असेल, तर व्यायामाच्या तासाला बसवून ठेवा, असंही याच वहीत कळवतात. पोहण्याच्या दिवसांत वेगळं कार्ड असतं. त्यावर मुलाचं सकाळचं तापमान आणि पालकांचा शिक्का किंवा सही नसेल तर मुलाला पाण्यात उतरू देत नाहीत. मूल आजारी पडून घरी राहिलं, तर त्याची वही शेजारच्या मुलाबरोबर शाळेत पाठवायची आणि संध्याकाळी त्याच मुलाने गृहपाठ व पत्रकं घेऊन यायचं, अशी रीत अनेक वर्षं चालत आली.

पाळणाघरांत ही वही आणखी तपशीलवार होते. बाळ किती वाजता उठलं, काय खाल्लं, शी झाली का, ताप आहे का, हे आई-वडील सकाळी लिहितात. दिवसभरात ते किती झोपलं, किती जेवलं, कशात रमलं, हे तिथल्या ताई संध्याकाळी लिहून देतात. बोलता न येणाऱ्या बाळाचा अख्खा दिवस दोघांनाही असा कळतो.

आठवड्याचं पत्रक

वही रोजची, तर ‘दायोरी’ म्हणजे छापील वार्तापत्रं आठवड्याची किंवा महिन्याची. अनेक शाळांत प्रत्येक इयत्तेचं पत्रक निघतं. त्यात येणाऱ्या आठवड्याचं वेळापत्रक, सुटण्याच्या वेळा आणि लागणाऱ्या वस्तू दिलेल्या असतात. शुक्रवारी काचेची रिकामी बाटली हवी असेल, तर ती शोधायला घराला सवड मिळते. याशिवाय मुख्याध्यापकांचं शाळापत्र, आरोग्यपत्र आणि भोजनपत्रही येतं. काही वर्गशिक्षक स्वतःहून वर्गपत्र काढतात आणि वर्गात काय घडलं, कोण काय म्हणालं, हे त्यात लिहितात.

शाळेतल्या जेवणाचा कायदा जपानने १९५४ मध्ये केला. महिनाभराच्या जेवणाचा तक्ता आधीच घरी येतो. पदार्थ, त्यातले घटक आणि उष्मांक त्यात असतात. शरीर घडवणारे घटक लाल, ऊर्जा देणारे पिवळे आणि प्रकृती सांभाळणारे हिरवे, अशी विभागणी अनेक तक्त्यांत आढळते. ॲलर्जी असलेल्या मुलाच्या पालकांना घटकांची सविस्तर यादी मिळते. कोणत्या दिवशी काय टाळायचं, हे ते शाळेबरोबर ठरवतात.

शुक्रवारी मुलं वर्गात वापरायचे बूट धुण्यासाठी घरी नेतात. त्या आठवड्यात जेवण वाढायची पाळी असलेली मुलं वाढताना घालायचा पांढरा डगलाही नेतात. तो धुऊन, इस्त्री करून सोमवारी परत द्यायचा, कारण पुढच्या आठवड्यात तो दुसरं मूल घालणार असतं. शाळेत आपलं मूल काय काम करतं, हे घराला असंही कळतं.

छपाईने दिलेलं बळ

इतकी पत्रकं काढणं शक्य झालं ते स्वस्त छपाईमुळे. शिगा प्रांतातल्या होरी शिंजिरो यांनी अमेरिकेत एडिसनचं मिमिओग्राफ यंत्र पाहिलं आणि १८९४ मध्ये जपानी लिपीला सोयीचं हातयंत्र तयार केलं. मेणकागदावर लोखंडी लेखणीने अक्षरं कोरायची, त्यावरून शाईचा रूळ फिरवायचा आणि एकेक प्रत काढायची. वीज लागत नव्हती, खिळे जुळवावे लागत नव्हते. खेड्यातल्या शाळेलाही ते परवडत असे. शिक्षकांच्या कित्येक पिढ्यांनी रात्री मेणकागद कोरून वर्गपत्रं काढली.

त्यातलं एक तर साऱ्या देशात पोचलं. यामागाता प्रांतातल्या यामामोतो या डोंगराळ गावात मुचाकु सेइक्यो हा तरुण शिक्षक ४३ मुलांच्या वर्गाला शिकवत होता. दुसऱ्या महायुद्धानंतरचे गरिबीचे दिवस होते. आपल्या घरात काय चाललं आहे, ते खरंखरं लिहा, असं त्याने मुलांना सांगितलं आणि त्या लेखनाचा हाताने छापलेला संग्रह काढला. १९५१ मध्ये ‘यामाबिको गाक्को’ या नावाने त्याचं पुस्तक झालं आणि ते देशभर वाचलं गेलं. गावची गरिबी चव्हाट्यावर आली म्हणून काही गावकरी दुखावले. घरची गोष्ट बाहेर नेताना घराचा मान राखण्याची जबाबदारी शाळेवर येते, हा धडाही या घटनेने दिला.

कागदावरून पडद्यावर

केवळ कागदावर शाळा आणि घराचं हे नातं टिकलेलं नाही. वर्षातून काही वेळा पालकांना चालू तासाला बोलावतात. ते वर्गात मागे उभे राहून शिकवणं पाहतात. वर्षाच्या सुरुवातीला वर्गशिक्षकाने प्रत्येक मुलाच्या घरी जायचं, ही प्रथाही दीर्घकाळ चालली. आता अनेक शाळांनी ती कमी केली आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये शिक्षण मंत्रालयाने शिक्क्यांची सक्ती कमी करण्याची आणि पालकांशी होणारा पत्रव्यवहार डिजिटल करण्याची सूचना शाळांना केली. गैरहजेरी कळवणं, पत्रकं पाठवणं ही कामं अनेक ठिकाणी मोबाइलवर गेली. त्यामुळे शिक्षकांवरचा भार हलका होतो आणि नोकरी करणाऱ्या पालकांची सोय होते. रोजची वही मात्र बऱ्याच वर्गांत आजही मूलच लिहितं.

परदेशी पालकांना जपानी पत्रकं वाचणं अवघड जातं. टोकियोच्या एदोगावा विभागात भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात, त्यांत मराठी घरंही आहेत. अशा पालकांसाठी अनेक भाषांतले शालेय पत्रकांचे नमुने शिक्षण मंत्रालयाच्या एका संकेतस्थळावर मिळतात.  

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. हा हक्क मोलाचा आहे, पण समितीवर मोजकेच पालक असतात आणि वर्गातला आठवडा प्रत्येक घराला कळायला हवा. त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. शिक्षकांनी शनिवारी पुढच्या आठवड्याच्या चार ओळी फळ्यावर लिहाव्यात आणि मुलांनी त्या स्वतःच्या हाताने उतरवून घ्याव्यात. पालकांनी त्या वाचून खाली सही करावी आणि काही सांगायचं असेल तर दोन शब्द लिहावेत. ज्या घरी वाचता येत नाही, तिथे मुलाने त्या वाचून दाखवाव्यात. व्हॉट्सॲपचा गट जरूर असावा, पण मुलाच्या हातची ही वहीही असावी. येत्या शनिवारपासून एखाद्या वर्गाने ती सुरू करावी, ही शिक्षकांना आणि पालकांना कळकळीची विनंती.