मुखातील चट्टे व व्रण : वेळीच ओळख, वेळीच निदान

जळगाव व धुळे जिल्ह्यांत तंबाखू-चुना, मिसरी व गुटखा यांची सवय जुनी आहे. २०१२ साली राज्यात गुटखाबंदी होऊनही ती सुटलेली नाही.

ठेचा व शेवभाजी आवडीने खाणाऱ्यास तिखट सोसेनासे झाले, तर ते मुखरोगाचे पहिले लक्षण असू शकते. सुपारीमुळे गालाचे अस्तर ताठर होते व तोंडात तीन बोटे उभी मावेनाशी होतात. तंबाखूविरहित सुपारीही निर्धोक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तिला कर्करोगकारक ठरविले.

प्रत्येक व्रण कर्करोग नसतो. टोकदार दाताने वा कवळीने झालेली जखम कारण दूर होताच साधारण दोन आठवड्यांत भरते. न भरणारा व्रण, पुसून न निघणारा पांढरा चट्टा किंवा तांबडा डाग मात्र, दुखत नसला तरी, तज्ज्ञांस दाखवावा. आवश्यकता वाटल्यास जागा बधिर करून लहानसा तुकडा काढतात व सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो, हा गैरसमज आहे. त्या भीतीपोटी गेलेले महिनेच रुग्णास घातक ठरतात.

कुटुंबीयांनी रुग्णास धीर द्यावा, सवय सोडण्यास साहाय्य करावे आणि तपासणीस सोबत यावे, ही विनंती.