शरीराचे पहिले पहारेकरी

शरीरात शिरलेल्या रोगजंतूंचा पहिला प्रतिकार करतात त्या उपजत प्रतिकारशक्तीच्या पेशी. एली मेचनिकॉफ यांनी १८८२ साली इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या अळीत काटा टोचला, तेव्हा त्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला त्यांना दिसला. या भक्षक पेशींवरील संशोधनाबद्दल त्यांना १९०८ सालचे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिक यांच्यासह विभागून मिळाले.

२०१९ च्या अखेरीस उद्भवलेल्या कोरोना विषाणूच्या साथीत या पेशींचे महत्त्व नव्याने प्रत्ययास आले. विषाणू श्वसनमार्गातील पेशीत शिरताच ती इंटरफेरॉन हे द्रव्य स्रवून शेजारच्या पेशींना सावध करते. नैसर्गिक मारक पेशी बाधित पेशींचा नाश करतात. भक्षक पेशी अवशेष गिळून टाकतात. डेंड्रायटिक पेशी विषाणूचे अंश लसिकाग्रंथींत नेऊन प्रतिपिंडे तयार करणाऱ्या यंत्रणेला त्यांची ओळख पटवितात. ही यंत्रणा सज्ज होण्यास काही दिवस लागतात. तोवर किल्ला लढवायचा तो या पहारेकऱ्यांनीच.

मात्र हा विषाणू इंटरफेरॉनचा इशारा दडपतो. गंभीर रुग्णांपैकी किमान १० टक्के जणांत इंटरफेरॉनलाच निकामी करणारी प्रतिपिंडे असल्याचे २०२० मध्ये एका आंतरराष्ट्रीय संशोधनात आढळले. इशारा उशिरा मिळाला की विषाणू फोफावतो. मग भक्षक पेशी फुफ्फुसांत प्रचंड संख्येने लोटतात आणि त्यांच्या दाहाने फुफ्फुसांचीच हानी होते.

औषधयोजनेचे मर्मही यातच आहे. दाह शमविणारे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिल्याने कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले, असे ब्रिटनमधील २०२० च्या चाचणीत दिसून आले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही. उलट, आरंभीच असे औषध घेणे म्हणजे पहारेकऱ्यांचेच हात बांधणे होय. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाने अनेकांचे डोळे व प्राण हिरावले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही त्याची प्रमुख कारणे होती.

म्हणून शिक्षक व पंचायत सदस्यांनी गावोगाव दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. वैद्यकीय सल्ल्याविना स्टेरॉइड घेऊ नये आणि धाप लागताच रुग्णालय गाठावे. पहारेकऱ्यांना बळ हवे, तसाच वेळीच आवरही हवा.