दुसऱ्या पसंतीची वाट

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात हट्टा नावाचे गाव आहे. अशा गावी अंगणात बाज टाकून पडावे, तर दिवेलागणीनंतर कधी कधी एक ठळक चांदणी न लुकलुकता आभाळ ओलांडून जाताना दिसते. चार-पाच मिनिटांचाच खेळ! ती चांदणी नव्हे. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक होय. सुनीता विल्यम्स यांचा मुक्काम तिथे तीन वेळा पडला आणि अंतराळातले त्यांचे एकूण दिवस भरले ६०८!

या बाईंचे वडील दीपक पंड्या मूळचे गुजरातेतल्या झुलासणचे, मेंदूच्या रचनेचे अभ्यासक. आई स्लोव्हेनियन वंशाची. सुनीताबाईंचा जन्म १९६५ चा, अमेरिकेतला. मौज अशी की, त्यांना व्हायचे होते जनावरांची डॉक्टर! ते जमले नाही. थोरला भाऊ नौदलाच्या अकादमीत होता. त्याच्या पाठोपाठ त्याही तिथे गेल्या आणि १९८७ साली पदवीधर झाल्या. पुढे मनात होते जेट विमान, वाट्याला आले हेलिकॉप्टर. १९८९ साली त्या नौदलाच्या वैमानिक झाल्या.

जेटच्या दिमाखापुढे हे हेलिकॉप्टर म्हणजे ओझ्याचा बैलच. एका जहाजावरून दुसऱ्यावर रसद पोचवणे, हे त्याचे काम. बाईंनी ते मन लावून केले. १९९२ साली फ्लॉरिडात ‘अँड्र्यू’ चक्रीवादळाने हाहाकार उडवला, तेव्हा मदतीला गेलेल्या हेलिकॉप्टर-पथकाच्या त्या प्रमुख होत्या.

१९९३ साली चाचणी-वैमानिकांच्या शाळेत असता त्या ह्यूस्टनच्या अंतराळकेंद्रात गेल्या. तिथे चंद्रावर चालून आलेले जॉन यंग बोलले. तेही मूळचे नौदलाचेच वैमानिक. चंद्रावर यान उतरवण्याच्या तयारीसाठी आपण हेलिकॉप्टर शिकलो, असे त्यांनी सांगितले. दुय्यम म्हणून पदरी पडलेली विद्याच कामाची निघाली! १९९८ साली बाईंची निवड झाली. प्रत्यक्ष उड्डाणाला मात्र डिसेंबर २००६ उजाडला.

शेवटची कसोटी ५ जून २०२४ ला सुरू झाली. आठ-दहा दिवसांसाठी म्हणून त्या ‘स्टारलायनर’ यानातून निघाल्या. यानात हेलियम गळू लागला, दिशा देणारी छोटी इंजिने बिघडली आणि मुक्काम २८६ दिवसांचा झाला. १९ मार्च २०२५ च्या पहाटे, आपल्या घड्याळाप्रमाणे, त्या परतल्या. तेही दुसऱ्याच यानातून! मधल्या काळात त्या स्थानकाच्या प्रमुख म्हणून काम करीत होत्या.

माझ्या मराठीच्या वर्गात दर वर्षी अशी मुले येऊन बसतात, ज्यांना खरे तर दुसरीकडे जायचे होते. बारावीला गुण कमी पडले म्हणून त्यांच्या घरी सुतकी कळा पसरलेली असते. हेलिकॉप्टर मिळालेला प्रत्येक जण अंतराळात जात नाही, हे मान्य. पण आईबापांनी एवढे करावे: हुकलेल्या गाडीचा हिशेब मुलांपुढे रोज मांडू नये. मिळालेल्या गाडीत त्यांना ऐसपैस बसू द्यावे. ती कुठवर जाईल, हे स्टेशनावर उभे राहून कळत नसते.