‘स’ म्हणजे ‘स्वतः’ नव्हे

‘झ म लेव्ह’ या फ्रेंच वाक्याचा अर्थ उस्मानपुऱ्यातल्या माझ्या शिकवणीत एका बारावीवाल्याने ‘मी स्वतःला उठवतो’ असा लिहिला. चूक त्याची नाही. ‘म’, ‘स’ अशा सर्वनामांना आत्मवाचक म्हणतात, त्यामुळे ‘स’ दिसला की ‘स्वतः’ असं मुलं धरूनच चालतात.

खरं तर किल्ली मराठीतच आहे. आपण ‘उठणे’ला ‘व’ लावून ‘उठवणे’ करतो; तसंच थांबणे-थांबवणे, बसणे-बसवणे. फ्रेंच उलट दिशेने येते. तिथे ‘आरेते’ म्हणजे मुळातच थांबवणे. त्याला ‘स’ जोडला की थांबणे. ‘ल ब्युस सारेत आ उस्मानपुरा’ म्हणजे बस उस्मानपुऱ्याला थांबते, बस्स. ‘फोडणे’चं ‘फुटणे’ही तसंच: ‘ल व्हेर से कासे’, पेला फुटला. पेल्याने स्वतःला फोडून घेतलं नाही. ‘सेव्हानुईर’, म्हणजे शुद्ध हरपणे, हे क्रियापद तर ‘स’शिवाय वापरतच नाहीत.

‘स’ सगळ्यांना चालतो, हाही गैरसमजच. मराठीत ‘स्वतः’ मी, तू, ती सगळ्यांना एकच. तिकडे कर्त्याप्रमाणे म, त, स, नू, व्हू असा फेर होतो. म्हणून ‘नू नू पार्लों’ यातले दोन ‘नू’ ही छपाईची चूक नव्हे. अर्थ: आम्ही एकमेकांशी बोलतो.

‘झ म लाव्ह ले मॅं’, मी हात धुतो. इथे इंग्रजीच्या सवयीने मुलं ‘माझे’ घुसडतात. अरे, मराठीत तरी आपण ‘मी माझे हात धुतो’ कुठे म्हणतो?

सगळ्यात चिवट समज भूतकाळातला: सहायक क्रियापद ‘एत्र’ आहे, मग कर्ता स्त्रीलिंगी असला की शेवटी एक जादा अक्षर लावायचंच. ‘एल से लाव्हे’, तिने अंघोळ केली, यात ते लागतं. ‘एल से लाव्हे ले मॅं’, तिने हात धुतले, यात लागत नाही, कारण आता कर्म ‘हात’ आहे आणि ते क्रियापदाच्या नंतर आलंय. कर्म आधी आलं तरच क्रियापद त्याच्याशी जुळतं. मराठीत ‘तिने हात धुतले’ म्हणताना क्रियापद कर्माच्याच मागे जातं, फक्त जागेची अट नाही. फ्रेंचमध्ये ही अट रुजवण्याचं श्रेय सोळाव्या शतकातला कवी क्लेमाँ मारो याला देतात. श्रेय की दोष, ते मुलांना विचारा.

गंमत म्हणजे ते जादा अक्षर इथे उच्चारात ऐकूच येत नाही. वेरूळला फ्रेंच पाहुण्यांना लेणी दाखवताना चुकलं तरी कोणाला कळणार नाही. बारावीच्या पेपरात मात्र गुण जातात.