परदेशी माजी विद्यार्थी आणि विद्यापीठे

पदवी हाती पडली की विद्यार्थ्याचा आणि विद्यापीठाचा संबंध संपला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती कितपत खरी, हे पाहण्यासाठी एक परिचयाचे उदाहरण घेऊ.

आनंदीबाई जोशी यांनी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजची पदवी घेतली, हे सर्वांस ठाऊक आहे. त्या कॉलेजच्या बाजूने मात्र ही हकीकत क्वचितच सांगितली जाते. तेथील डीन रेचेल बॉडली यांनी १८८१ सालीच पदवीधर स्त्रियांना पत्रे धाडून, कोणाचा व्यवसाय कसा चालला आहे, याची पाहणी केली होती. आपल्या विद्यार्थिनी पुढे काय करतात, हे जाणून घेण्याची ही सवय आनंदीबाई तेथे पोहोचण्यापूर्वीची होय. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाई निवर्तल्या. तरी संबंध तुटला नाही. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचे इंग्रजी पुस्तक निघाले. त्याची प्रस्तावना बॉडलीबाईंची आहे. पुढे कॉलेजचे नाव बदलले, ते दुसऱ्या संस्थांत विलीन झाले. पण आनंदीबाईंचा प्रबंध व छायाचित्र आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात सुरक्षित आहे.

आता उलट बाजू पाहू. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. इराण, अफगाणिस्तान, आफ्रिकेतील देश येथून कितीतरी तरुण पुण्यात शिकून गेले. त्यांच्याशी संबंध कोण ठेवतो? बहुधा एखादा प्राध्यापक; आणि तो निवृत्त झाला की पत्त्यांची वहीही त्याच्याबरोबर घरी जाते! माजी विद्यार्थी म्हटले की आपल्याला देणगी आठवते. नंदन निलेकणी यांनी २०२३ साली मुंबईच्या आयआयटीला ३१५ कोटी रुपये दिले, ही गोष्ट मोठीच. पण तिच्यामागे वसतिगृहापासून जपलेला जिव्हाळा असतो, हे विसरून चालणार नाही.

परदेशी विद्यार्थी मायदेशी गेल्यावर विद्यापीठाला पत्र लिहितो, ते बहुधा गुणपत्रिकेच्या प्रतीसाठी किंवा पदवीच्या पडताळणीसाठी. त्याची नोकरी त्या कागदावर अडलेली असते. माझ्या मते माजी विद्यार्थी संघाचे खरे काम तेथूनच, त्या टेबलापासून सुरू होते. उत्तर आठ दिवसांत गेले आणि सोबत दोन ओळी चौकशीच्या असल्या, तर पुढचे पत्र तो आपण होऊन लिहील.